डमी बटणाच्या जागी कंपनीचा फॉग स्विच: डॅशकॅमसाठी घ्यावा का?

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, एसीच्या जाळीखाली, बेस मॉडेलच्या गाडीत दोन-तीन डमी बटणं असतात. वरच्या मॉडेलला तिथे फॉग लॅम्प, ईएसपी ऑफ, आयडल स्टार्ट-स्टॉप असं काही ना काही येतं. खालच्या मॉडेलला कंपनी काळी टिकली बसवून मोकळी होते. त्या जागी कंपनीचाच स्विच बसवायचा आणि त्याच्याकडून भलतंच काम करून घ्यायचं, ही हौस जुनी आहे. बघणाऱ्याला वाटतं गाडी अशीच आली. फॉगचं चित्र असलेलं ते बटण प्रत्यक्षात काय करतं हे मालकालाच ठाऊक. हा आढावा त्या स्विचचा आहे: घेण्यासारखा आहे का, कुठून घ्यावा, मागे तारा कशा जोडाव्यात. काम धरलं आहे डॅशकॅमच्या पार्किंग मोडचं, म्हणजे गाडी उभी असतानाही कॅमेरा नजर ठेवतो त्याचं, कारण हा स्विच रोजच्या वापरात तिथेच उपयोगी पडतो आणि लोक सगळ्यात जास्त चुकतातही तिथेच.

निकाल आधीच सांगतो. स्विच उत्तम आहे, पण तो हुकूम देणारा आहे, मोठं ओझं वाहणारा नाही. आणि स्विचपेक्षा त्याचं कपलर, म्हणजे मागे बसणारा तारांचा प्लग, मिळवणं अवघड आहे. या दोन गोष्टी आधी कळल्या तर निम्मी कटकट वाचते.

हाताला कसा लागतो

कंपनीच्या स्विचची पहिली जमेची बाजू म्हणजे तो दिसत नाही, म्हणजे वेगळा दिसत नाही. प्लास्टिकचा दाणा डॅशबोर्डच्या दाण्याशी जुळतो, चित्राची छपाई शेजारच्या बटणासारखीच असते, आणि रात्री दिवे लावले की त्याच रंगात तेवढाच उजळतो. दाबल्यावर एक भरीव ‘टक’ येतो आणि बटण किंचित आत अडकून राहतं. अंधारात नुसतं बोट फिरवूनही चालू की बंद ते कळतं. ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारा ‘कंपनीसारखा’ स्विच दिवसा बऱ्यापैकी फसवतो, पण दिवे लागले की उघडा पडतो: सगळं पॅनेल पांढरं किंवा केशरी आणि मध्येच एक निळा ठिपका. शिवाय त्याचे कान, म्हणजे बाजूचे प्लास्टिकचे लॉक, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो करकरतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात राहिली की दाबताना सरळ आत जातो. बाजूने फ्लीस टेपची एक पट्टी लावली तर करकर थांबते. आत जाणं थांबत नाही.

खाचेचं माप गृहीत धरू नका. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत, अगदी एकाच गाडीच्या दोन पिढ्यांतही खाच वेगळी असू शकते. डमी काढा, व्हर्नियरने तिची लांबी-रुंदी आणि कानांमधलं अंतर मोजा आणि ती डमी खिशात घालूनच दुकानात जा. सुझुकी-टोयोटाच्या जोडगाड्यांत मात्र सोय आहे: ग्लान्झा ही बलेनोच असल्याने एका गाडीचा सुटा भाग दुसऱ्या बोधचिन्हाच्या काउंटरवरही शोधता येतो. एकीकडे ‘मागवावा लागेल’ म्हणाले तर दुसरीकडे विचारायला हरकत नाही.

कुठून घ्यावा

तीन वाटा आहेत. पहिली, कंपनीचा स्पेअरचा काउंटर. तिथे चॅसी नंबर दिला की संगणक तुमच्या बेस मॉडेलचे भाग दाखवतो, आणि त्यात हा स्विच नसतोच. काउंटरवरचा माणूस ‘तुमच्या गाडीला येत नाही’ म्हणतो, आणि त्याचं चूक नसतं. त्याला त्याच वर्षाच्या टॉप मॉडेलचं नाव सांगून त्याचा भाग शोधायला लावायचं. नवा स्विच डबाबंद मिळतो, किंमतही फार नसते. अडचण पुढे आहे: कपलर सुटं मिळत नाही. ते वायरिंगच्या अख्ख्या जुडीचा भाग असतं आणि जुडीची किंमत ऐकून माणूस डमीच बरी म्हणतो.

दुसरी वाट ॲक्सेसरीच्या दुकानाची. वर सांगितलेला नकली स्विच तारांच्या शेपटीसकट मिळतो, ही त्याची एकमेव खरी सोय.

तिसरी वाट भंगारातल्या गाड्यांच्या सुट्या भागांची: मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी. माझं मत इथेच पडतं. कारण इथे स्विचबरोबर कपलर मिळतं आणि कपलरबरोबर तारा. दुकानदाराला एकच सांगायचं: तार कपलरच्या मुळाशी कापू नका, किमान वीतभर ठेवा. दोन इंचांची शेपटी ठेवली तर डॅशबोर्डच्या आत हात घालून जोड मारताना घाम फुटतो. आणखी एक बघायचं: पुरात बुडालेल्या गाड्यांचे भागही याच बाजारात येतात. कपलर काढून आत टॉर्च मारा. पिनांच्या मुळाशी हिरवट थर किंवा कोपऱ्यात बारीक गाळ दिसला की तो स्विच परत. बाहेरून फडक्याने पुसून चकाचक करता येतो, कपलरच्या आत कोणी फडकं घालत नाही.

जमलं तर नवा स्विच काउंटरवरून आणि नुसतं कपलर भंगारातून, हा सगळ्यात टिकाऊ मेळ.

पैसे देण्याआधी मल्टीमीटर

दिसायला सारखे असलेले स्विच आतून तीन जातींचे असतात. पहिली जात दाबल्यावर अडकून राहणारी: एकदा दाबलं चालू, पुन्हा दाबलं बंद. आपल्याला हीच हवी. दुसरी जात दाबून सोडली की परत येणारी. ईएसपी ऑफ आणि आयडल स्टार्ट-स्टॉपची बटणं सहसा अशीच असतात. ती गाडीच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलला फक्त टिचकी मारतात, लक्षात ठेवण्याचं काम मॉड्यूल करतं. नव्या गाड्यांत फॉगचं बटणही या जातीचं निघू शकतं, त्यामुळे चित्रावर विश्वास नको. तिसरी जात रोधकांची (रेझिस्टरची): एका तारेवर दोन-तीन बटणं, प्रत्येकाचा रोध वेगळा, मॉड्यूल रोध मोजून ओळखतं कोणतं दाबलं. ही जात आपल्या कामाची नाही, ती तिथेच ठेवा.

तपासणी अशी. मल्टीमीटर बीपवर ठेवा आणि पिनांच्या जोड्या एकेक करून तपासा. बटण दाबून सोडल्यावरही बीप चालू राहिला आणि पुन्हा दाबल्यावर थांबला, तर तीच संपर्काची जोडी आणि स्विच पहिल्या जातीचा. हात सोडताच बीप थांबला तर दुसरी जात. बीप न वाजता आकडा काही शे किंवा हजार ओहमवर थांबला तर तिसरी.

उरलेल्या पिना दिव्यांच्या. सहसा एक दिवा चित्र उजळणारा आणि एक ‘चालू आहे’ सांगणारा. पुढच्या फॉगला तो हिरवा, मागच्या फॉगला पिवळसर. हे एलईडी मल्टीमीटरच्या डायोड मापनावर बहुधा पेटत नाहीत, कारण आत रोधक असतो आणि मीटरचा दाब पुरत नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, मालिकेत १ किलोओहमचा रोधक लावा आणि पिनांना टेकवून बघा. उलट लावलं तरी त्या रोधकामुळे काही जळत नाही. सापडलेल्या पिनांचं चित्र लगेच कागदावर काढा, कपलरच्या लॉकची बाजू वर धरून. घरी गेल्यावर ‘डावीकडून तिसरी’ म्हणजे कुठली डावी हा घोळ हमखास होतो.

शेवटची परीक्षा भाराची. गाडीच्या पार्किंग दिव्याचा ५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.४ अँपियर घेतो, म्हणजे डॅशकॅमच्या जवळपास. तो या स्विचमधून अर्धा तास पेटता ठेवा आणि संपर्काच्या दोन पिनांमधला व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर संपर्क स्वच्छ आहे. १०० च्या वर गेला तर आत काजळी धरलेली आहे; भंगारातल्या स्विचला हे होतं. दहा-वीस वेळा दाबून पुन्हा मोजा, तरीही उतरला नाही तर तो स्विच बाद. ही परीक्षा दुकानात करता येत नाही, म्हणून भंगारातून घेताना एकाऐवजी दोन घ्यावेत.

तारांचा खरा प्रश्न

डॅशकॅमला गाडीच्या वायरिंगवरून थेट वीज देणाऱ्या हार्डवायर किटला तीन तारा असतात: कायमचा बॅटरी करंट, किल्ली फिरवल्यावर येणारा एसीसी करंट, आणि अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी तार. किट एसीसीवरून ठरवतं की गाडी चालू आहे की उभी. कॅमेऱ्याला वीज मात्र बॅटरीच्या तारेतून जाते. आता स्विच कुठे घालायचा?

पहिला मोह एसीसीच्या तारेत. तो चुकीचा. एसीसी तुटला की कॅमेऱ्याला वाटतं गाडी उभी आहे. मग एक्सप्रेसवेवर ताशी शंभरने जाताना तो पार्किंग मोडमध्ये सेकंदाला एखाद-दुसरं चित्र घेत बसतो. दुसरा मोह बॅटरीच्या तारेत. हाही अर्धाच बरोबर: स्विच बंद असला की गाडी चालू असतानाही कॅमेरा मेलेला. स्विच बंद करून विसरलात आणि त्याच दिवशी कोणी ठोकलं, तर रेकॉर्डिंग शून्य.

हवं ते असं: गाडी चालू असताना कॅमेरा चालूच, स्विच कसाही असो. गाडी उभी असताना मात्र स्विच सांगेल तसं. त्यासाठी दोन डायोड लागतात; डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. एसीसीच्या फ्यूज टॅपमधून (फ्यूजच्या खाचेत बसून नवी तार काढून देणारा तुकडा) आलेली तार दोन फाट्यांत जाते: एक फाटा थेट किटच्या एसीसी तारेला, दुसरा पहिल्या डायोडमधून किटच्या बॅटरी तारेला. बॅटरीच्या टॅपमधून आलेली तार स्विचमधून, मग दुसऱ्या डायोडमधून त्याच बॅटरी तारेला. दोन्ही डायोडच्या अंगावर छापलेल्या पट्ट्या किटकडे. डायोड शॉटकी जातीचे, ५ अँपियर १०० व्होल्टचे, एसआर५१०० सारखे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. दोन लागतात, चार घ्या; पाय वाकवताना एखादा तुटतो.

डायोड गाळून दोन्ही तारा नुसत्या एकत्र पिळल्या तर काय होतं? किल्ली काढली तरी बॅटरीचा करंट स्विचमधून उलटा एसीसीच्या वाटेने शिरतो आणि म्युझिक सिस्टम, चार्जिंगचं सॉकेट, एसीसीवरचं जे जे आहे ते सगळं जागं राहतं. कॅमेराही पार्किंग मोडमध्ये जात नाही, कारण एसीसी कधी बंदच होत नाही. ‘किल्ली काढूनही स्टिरिओ बंद होत नाही’ ही तक्रार ऐकली की आधी इथेच हात घालावा.

डायोडची एक किंमत मोजावी लागते. त्यात पाव ते अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि किटला बॅटरी तेवढी कमी दिसते. बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद करायचा हे ठरवणारी कट-ऑफची बारीक कळ किटवर असते, साधारण ११.८, १२.०, १२.२ अशा पायऱ्यांची. ती १२.२ वर ठेवली तर प्रत्यक्षात बॅटरी १२.५ ते १२.७ ला असतानाच किट कॅमेरा बंद करतं, म्हणजे गाडी लावून वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत पार्किंग मोड खलास. लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. कळ ११.८ वर ठेवा. खरा कट-ऑफ १२.१ ते १२.३ च्या आसपास येतो, आणि तो योग्यच आहे. शांत उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला निम्मी रिकामी असते आणि ११.८-११.९ ला जवळजवळ संपलेली. डायोडशिवाय किट थेट ११.८ वर ठेवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य कुरतडणं.

मुळात स्विच हवाच कशाला, कट-ऑफ आहे ना? हिशेब करा. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा पाव अँपियर घेत असेल तर दिवसाला ६ अँपियर-तास जातात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची. निम्मी वापरायची म्हटली तर तीन दिवसही नीट निघत नाहीत. सोसायटीच्या तळघरात, वॉचमनच्या नजरेसमोर गाडी चार दिवस उभी असेल तर रोज कट-ऑफपर्यंत बॅटरी उतरवण्यात काही अर्थ नाही. रस्त्यावर लावली की बटण दाबा, घरी लावली की काढा. स्विचचं काम एवढंच.

आता रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच. वायरिंगवाल्याला काम दिलं तर तो सवयीने रिले टाकेल, ‘स्विचवर लोड नको’ म्हणून. इतर कामांना हा सल्ला बरोबर आहे, इथे नाही. रिलेच्या कॉइलचा रोध ८०-९० ओहमच्या घरात असतो. म्हणजे ती धरून ठेवायलाच साधारण १५० मिलिअँपियर जातात. दिवसाला साडेतीन अँपियर-तास, कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त, नुसतं एक लोखंड ओढून धरण्यासाठी. पार्किंग मोडला रिले लावायचा नाही. बल्बच्या परीक्षेत पास झालेला स्विच हा भार सरळ पेलतो.

बसवताना

साहित्य थोडंच आहे: कपलरसकट स्विच १, फ्यूज टॅप २, दोन्हींत वरचा फ्यूज २ अँपियरचा, डायोड २, अर्धा चौरस मिलिमीटरची तार लाल, पिवळी, काळी प्रत्येकी ३ मीटर, अर्थसाठी रिंग टर्मिनल १, हीट श्रिंक, केबल टाय आणि फ्लीस टेप. नायलॉनची पट्टी घ्या, पेचकस नको. पेचकसाने डॅशबोर्डच्या कडेला पडलेला दात गाडी विकताना गिऱ्हाईक आधी बघतो.

फ्यूज टॅप घेताना गाडीतला फ्यूज काढून नमुना म्हणून न्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ हे तीन आकार दिसायला भावंडं आहेत, पण एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत. ढिला टॅप तापतो.

आधी १० च्या पान्याने बॅटरीची ऋण तार काढा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. स्टिअरिंगच्या खाली आणि खांबांत पिवळी कपलरं किंवा पिवळं आवरण असलेल्या तारा दिसतील, त्या एअरबॅगच्या. त्यांना हात नाही, टेस्ट लॅम्प नाही, मल्टीमीटरही नाही. काम झाल्यावर घड्याळ आणि काचेची ऑटो-अप सेटिंग पुन्हा लावावी लागते, तेवढं चालतं.

डमी बाहेरून उचकटण्यापेक्षा खालचं कव्हर काढून मागून ढकलली तर कान शाबूत राहतात. जपून ठेवा, गाडी विकताना सगळं काढायचं तर तीच परत बसवायची आहे.

बॅटरीचा करंट गाडीच्या आतल्या दिव्याच्या, म्हणजे रूम लॅम्पच्या फ्यूजवरून आणि एसीसी १२ व्होल्टच्या सॉकेटवरून घ्यावा. निकष सोपा आहे: हा फ्यूज उडाला तर गाडी चालवण्यात काही अडणार नाही असाच निवडायचा. ईसीयू, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग या नावांच्या फ्यूजकडे बघायचंही नाही.

टॅप दोन्ही दिशांनी बसतो, पण बरोबर दिशा एकच. टॅप लावा, बॅटरी क्षणभर जोडा, खालचा मूळ फ्यूज काढा आणि टॅपच्या तारेवर १२ व्होल्ट येतात का बघा. आले तर दिशा बरोबर: नवी वाट मूळ फ्यूजला वळसा घालून, स्वतःच्या फ्यूजमधून जाते. नाही आले तर उलटा लावला आहे. मग नवा भारही मूळ फ्यूजवरच चढतो. एसीसीच्या टॅपला हीच परीक्षा किल्ली एसीसीवर ठेवून. बहुतेक जण ही तपासणी करत नाहीत, कारण उलटा टॅपही चालतो, फक्त मूळ फ्यूजवर चढलेला जादा भार नको त्या दिवशी भोवतो.

जोड डाग देऊन किंवा नीट क्रिंप करून घ्या, वर हीट श्रिंक. निळे-लाल चिमट्याचे टी-टॅप वापरू नका. ते तारेचे दोन-चार धागे कापतात आणि आवरणाला भोक पाडून ठेवतात. कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा गेला की त्या भोकातून तांबं हिरवं पडायला लागतं. मग दोष येतो-जातो, आणि येणारा-जाणारा दोष शोधण्याएवढं कंटाळवाणं काम गाडीत दुसरं नाही. कापायचीच असेल तर भंगारातल्या कपलरची शेपटी कापा, गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री नको. वॉरंटीतली गाडी असेल तर हे जास्तच महत्त्वाचं: फ्यूज टॅप पाच मिनिटांत उपसता येतो, कापलेली तार लपत नाही.

अर्थ कोणत्याही स्क्रूला देऊ नका. खालच्या पट्टीत बरेच स्क्रू प्लास्टिकमध्ये फिरतात किंवा रंगाच्या थरावर बसतात. जिथे कंपनीने स्वतः काळी तार बोल्टखाली घेतली आहे, तिथेच आपलं रिंग टर्मिनल. मोजताना बॅटरीच्या ऋण टोकापासून तिथपर्यंत मीटरने ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवू नये.

स्विचच्या चित्राचा दिवा शेजारच्या बटणाच्या दिव्यावरून घ्यायचा, धन आणि ऋण दोन्ही. इथे एक खोच आहे. ज्या गाडीत मीटरचा उजेड कमी-जास्त करता येतो, तिथे काही वेळा तो ऋण बाजूने कमी केला जातो. तुम्ही ऋण तार सरळ बॉडीला दिली तर सगळं पॅनेल मंद आणि तुमचं बटण भगभगीत. शेजाऱ्याच्याच ऋण तारेला जोडलं की तो बरोबरीने मंदावतो. ‘चालू’चा हिरवा दिवा स्विचनंतरच्या तारेवर घ्या, तो १० मिलिअँपियरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला पाव अँपियर-तासही नाही. रात्री काचेतून बारीक हिरवा ठिपका दिसतो. काहींना ते चोराला निमंत्रण वाटतं, मला तर पहाऱ्याची खूण वाटते.

कॅमेऱ्याची तार खांबातून वर नेताना पडद्याच्या एअरबॅगच्या पुढून न्यायची नाही. एअरबॅग उघडताना पुढची तार आडवी येते किंवा उडते. खांबाचं कव्हर पूर्ण काढून, एअरबॅगच्या मागून, कंपनीच्या जुडीला टाय मारत वर न्या. कव्हरच्या फटीत नखाने तार दाबून बसवणारे बरेच भेटतात. पैसे वाचतात, पण मग त्या खांबात एअरबॅग असल्याचा उपयोग काय?

चाचणी चार टप्प्यांची. स्विच बंद, किल्ली एसीसीवर: कॅमेरा चालू. किल्ली काढली: कॅमेरा बंद. स्विच चालू करून किल्ली काढली: पार्किंग मोड, स्टिरिओ मात्र गप्प. स्टार्टर मारला: स्विच बंद असेल तर कॅमेरा एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, कारण सुरू करताना एसीसी क्षणभर तुटतो. हा दोष नाही.

हाच स्विच इतर कामांना

खऱ्या फॉग लॅम्पला लावायचा तर गणित पालटतं. ५५ वॉटचे दोन बल्ब साडेनऊ अँपियरच्या घरात जातात. तो भार या स्विचमधून नेला तर संपर्क एका पावसाळ्यात चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. इथे चार पिनांचा रिले हवाच: ३० नंबरच्या पिनेला बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपियरचा फ्यूज लावून दीड चौरस मिलिमीटरची तार, ८७ दिव्यांना, ८६ ला स्विचमधून करंट, ८५ अर्थ. ८५-८६ वर १एन४००७ डायोड, पट्टी ८६ कडे. नाहीतर कॉइल सोडताना उसळणारा दाब स्विचचे संपर्क खातो. रिले पिना खाली करून लटकवा, पाणी आत साचत नाही. १९ वॉटचे एच१६ बल्ब असतील तर भार तीन अँपियरवर येतो, पण रिले तरीही ठेवावा.

चोरीविरुद्ध गुप्त बटण म्हणून वापरण्याची कल्पना आकर्षक आहे: फॉगचं चित्र, आणि दाबल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. त्यासाठी लोक इंधनपंपाची तार तोडतात. माझा विरोध आहे. इंधनाच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत, उरलेल्या दाबावर इंजिन थोडा वेळ चालतं आणि मग गाडी चौकाच्या मधोमध बंद पडते. चालत्या गाडीत जोड सैल झाला तर तेच तुमच्या बाबतीत. स्टार्टरच्या रिलेची कॉइल तोडणं शहाणपणाचं: चालत्या गाडीला स्टार्टर लागत नाही, त्यामुळे बिघाड झाला तरी गाडी उभी असतानाच झाला. त्या तारेतून जाणारा करंट अगदी थोडा, स्विचला झेपणारा. मॅन्युअल गाडी धक्का मारून सुरू होईल, पण धक्का मारत गाडी पळवणारा चोर विरळा. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत मात्र यात पडू नये, तिथे मॉड्यूल चूक पकडून डॅशबोर्डवर दिवे पेटवतं.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलं. डॅशकॅमचा स्विच या भानगडीत येत नाही. पण त्याच डमीच्या जागी नंबर प्लेटचा दिवा मारणारं बटण किंवा लाल-निळे चमकणारे दिवे बसवणारे आहेत. तसलं काम घेऊन आलात तर हा आढावा तुमच्यासाठी नाही.

गुण द्यायचेच तर: नवा कंपनीचा स्विच आणि भंगारातलं कपलर, ५ पैकी साडेचार, अर्धा गुण कपलर शोधण्याच्या पायपिटीचा. भंगारातला जोडीने, परीक्षा पास झालेला, ४. ॲक्सेसरीच्या दुकानातला निळ्या दिव्याचा, २, तोही शेपटी तयार मिळते म्हणून.

आणि तारांचं ते कागदावरचं चित्र फेकू नका. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, दोन्ही टॅपच्या जागा आणि डायोड कुठे बांधले ते लिहून. पुढच्या सर्व्हिसला कोणी फॉगचं बटण दाबून ‘साहेब, फॉग लागत नाहीत’ म्हणेल, तेव्हा त्याने वायरिंग उघडायच्या आधी झाकण उघडलं पाहिजे.